महानंदाची बाजू

महानंदा गेल्याचं कळलं तेव्हा रेणुकादास लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना ‘आउटनंबर’ हे इंग्रजी क्रियापद शिकवत होता.

सकाळची बॅच होती. रेणुकादासचा एक नियम मुलांना पाठ होता. नव्या शब्दाचं वाक्य स्वतःच्या घरातलं, गल्लीतलं पाहिजे. पुस्तकातलं वाक्य आणलं की तो ऐकूनच घ्यायचा नाही.

“सर, आमच्या हॉस्टेलमध्ये ढेकूण आउटनंबर स्टुडंट्स,” मागच्या बाकावरून एक जण म्हणाला.

“ढेकणाला इंग्रजीत काय म्हणतात?”

“सर, ते इंग्रजीत पण चावतातच.”

वर्ग हसला. रेणुकादासही हसला. मग पुढच्या बाकावरची मनस्विनी उभी राहिली. “इन लातूर, क्लासेस आउटनंबर स्कूल्स.” म्हणजे लातुरात शाळांपेक्षा क्लास जास्त.

“वाक्य बरोबर आहे. फक्त बाहेर मोठ्यानं म्हणू नको, त्याच्यावर माझं घर चालतं.” त्यानं फळ्यावर ते वाक्य लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता सांगू लागला, “हे क्रियापद लई सोयीचं आहे. किती ते सांगत नाही. समोर एकटा असो की शंभर असोत, कोण जास्त आणि कोण कमी, एवढंच सांगतं. म्हणून आधी दोन बाजू पाडाव्या लागतात. बाजूच नसेल तर हा शब्द वापरता येत नाही.”

टेबलावरचा फोन थरथरत गोल फिरू लागला.

“सर, मॅडमचा फोन!”

फोन मॅडमचा नव्हता, थोरल्या भावाचा होता. राघवेंद्रदादा सकाळच्या वेळी कधी फोन करत नसत, ती त्यांची पूजेची वेळ. रेणुकादासनं दारात जाऊन फोन घेतला.

“रेणू, महानंदा राहिली नाही रे. ओट्यापाशी पडली. अक्षरानं हाका मारल्या म्हणून आम्ही वरून धावत आलो. दवाखान्यात नेलं, पण तिथं पोचायच्या आधीच संपलं होतं. तू ये.”

“बरं,” तो म्हणाला. आत आला, फळ्यावरचं अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं, पुढे पूर्णविराम दिला आणि खडू ठेवून निघून गेला. मुलांना वाटलं सर पाणी प्यायला गेले.

घरी नांदेडला बायको महानंदा आणि लेक अक्षरा, तो आठवडाभर लातुरात खोली घेऊन राहायचा. कुणीतरी म्हणालं गाडी करून देतो. पण स्टँडवर नांदेडची बस लागलेली दिसली आणि तो चढून बसला. बसायला जागा मिळाली, पण बसवेना. चाकूर येईपर्यंत तो दोनदा उठला. शेजारचा म्हातारा म्हणाला, “पाव्हणं, उतरायचं हाय का? न्हाई तर बसा की नीट.”

डोक्यात एकच चाललं होतं आणि ते महानंदाचं नव्हतं. बसमध्ये बसलेल्यांपेक्षा उभे जास्त होते. डोक्यानं त्याचं इंग्रजी वाक्य केलं. बाहेर सोयाबीनच्या पट्ट्यांपेक्षा तुरीच्या पट्ट्या कमी होत्या. त्याचंही वाक्य झालं. फाट्यावर माणसांपेक्षा शेळ्या जास्त. झालं वाक्य. बायको घरात मरून पडली आहे आणि आपण शेळ्या मोजून राहिलो, असं त्याला वाटलं आणि स्वतःचीच चीड आली. पण गाडी हलली की पुन्हा सुरू. माशी हाकलली तरी त्याच जागी येऊन बसते तसं.

अहमदपूर सुटल्यावर संगप्पाचा फोन आला. संगप्पा हा महानंदाचा मोठा भाऊ, उदगीरला त्याचं बी-बियाण्याचं दुकान. तिचं माहेर लिंगायत.

“दाजी, कुठवर आलाव?”

“अहमदपूर सोडलं.”

“आम्ही बी निघालो. अव्वाला घेतलंय संगं.” अव्वा म्हणजे त्याची आई. संगप्पाचा आवाज बसला होता. “दाजी, एक काम करा. घरी फोन लावा अन् सांगा, महानंदाला झोपवू नका म्हणावं. भितीला टेकून बसवा. आमच्यात बसवूनच नेतेत, तुम्हाला ठावं हाय. अंग एकदा ताठलं की मग बसत न्हाई, मोडावं लागतं. ते बघवत न्हाई, दाजी.”

रेणुकादासला हे ठाऊक होतं. सासरा गेला तेव्हा त्यानं बघितलं होतं. फुलं लावलेल्या मखरात म्हातारा ताठ बसला होता, कपाळावर भस्म, जणू लग्नाच्या पंगतीत कुणाची तरी वाट बघत असावा. तसंच बसवून शेतातल्या खड्ड्यात ठेवलं होतं, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. पण महानंदाच्या बाबतीत हा प्रश्न येईल असं पंचवीस-सव्वीस वर्षांत त्याच्या मनात आलं नव्हतं. दोघं त्यावर कधी बोललीही नव्हती.

त्यानं दादांना फोन लावला.

“दादा, तिला बसवून ठेवता का?”

“कशाला?” आणि मग दादांच्या लक्षात आलं. “उदगीरवाले बोलले का? हे बघ, मी घाटावर सांगून ठेवलंय. लाकडं येतील. गुरुजी येतील. ती आपल्या घरात सून म्हणून आली, सून म्हणूनच जाईल. तू आधी ये.”

“बरं,” तो म्हणाला. त्या दिवशी कुणीही काहीही म्हटलं तरी तो बरं म्हणत होता.

दादांचं म्हणणं त्याला चूक वाटलं नाही. खरं तर तेच त्याला हवं होतं. वडील गेले, आई गेली, दोघांची रक्षा गोदावरीत सोडली होती. आपलीही तिथंच जाईल आणि हिचीही, एवढं त्यानं न ठरवताच धरून ठेवलं होतं. आधी कोण, नंतर कोण, हाच काय तो फरक.

लोह्याला गाडी थांबली. तो खाली उतरला, पुन्हा चढला. कंडक्टर म्हणाला, “सर, चहा घ्या नाहीतर आत बसा. तुम्ही असं चढ-उतार करून राहिले तर मला माणसं मोजता येईनात.”

घरापाशी गर्दी होती. खाली रेणुकादास राहायचा, वर दादांचं कुटुंब. आणि नांदेडात त्यांचं गोत मोठं. चुलत, मावस, आते, सगळे येऊन बसलेले. जिन्यावर माणसं, ओसरीत माणसं, समोरच्याच्या ओट्यावरसुद्धा माणसं. त्याला वाट करून दिली.

हॉलमध्ये सतरंजीवर दर्भ अंथरले होते. त्यावर कुणी नव्हतं.

“कुठं आहे?” त्यानं विचारलं.

गोदावरीवहिनी, दादांच्या बायको, डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “आत बघा. तुमची लेक कुणाचं ऐकेना.”

आतल्या खोलीत अक्षरा भिंतीला पाठ लावून, पाय पसरून बसली होती. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिच्या पुढ्यात तिनं आईला बसवलं होतं, मांडी घालून, आणि मागून दोन्ही हातांनी कवळा घातला होता. महानंदाचं डोकं तिच्या खांद्यावर कललेलं. एक ओढणी दोघींच्या छातीवरून गुंडाळून खिडकीच्या गजाला बांधली होती.

“बाबा,” अक्षरा म्हणाली, “मामांचा मला पण फोन आला. दवाखान्यातून आणल्यापासून मी हिला सोडलं नाही. काकू म्हणतात झोपव, काका म्हणतात झोपव. तुमच्यापर्यंत धरायचं असं मी ठरवलं. आता माझ्या हातात जीव नाही राहिला. काय ते लवकर सांगा.”

रेणुकादास खाली बसला. महानंदाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग अक्षराच्या हाताखाली आपला हात घातला आणि वजन घेतलं. “तू सोड. थोडा वेळ मी धरतो.”

“सोडवत नाही,” ती म्हणाली. “बोटं आखडलीत.”

त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली.

उदगीरची जीप आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. जीपमध्ये संगप्पा, त्याची आई पार्वतम्मा, आणखी चार माणसं आणि एक स्वामी, एवढेच. पार्वतम्मा आत आली, लेकीला बसलेलं बघितलं आणि तिथंच मटकन टेकली. “बसवलं बाई, बसवलं,” एवढंच दोनदा म्हणाली आणि नातीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाहेर मात्र आवाज चढू लागले. दादांनी रेणुकादासला बोलावून घेतलं. महानंदाला पार्वतम्मा आणि अक्षरानं धरलं. तो बाहेर आला तेव्हा संगप्पा हॉलच्या मधोमध उभा होता.

“आमची पोरगी लिंगधारी,” संगप्पा म्हणत होता. “लिंगधाऱ्याला आग लावत न्हाईत. आमी तिला उदगीरला नेतो. बापाशेजारी शेतात जागा हाय.”

“कसली लिंगधारी?” दादा म्हणाले. “लग्नाच्या वर्षीच तिनं गळ्यातलं काढून ठेवलं. आमची आई असतानाच. मग कधी घातलं नाही. आम्ही एका घरात राहतो, आम्हाला माहीत नाही?”

“आई पूजा करायची, काका,” आतून अक्षराचा आवाज आला.

“मी रोज खाली येते,” गोदावरीवहिनी म्हणाल्या. “मी तर कधी बघितलं नाही बाई. पोरीला काय कळतंय.”

“दाजी, तुम्ही सांगा मग,” संगप्पा म्हणाला. “तिनं सोडलं होतं का? सोडलं असंल तर माझं काई म्हणणं न्हाई. मी अव्वाला घेऊन बाजूला बसतो.”

सगळे रेणुकादासकडे बघू लागले. दादांनी त्याचा दंड धरला आणि मोरीपाशी नेलं. पाण्याचा नळ उगाच सोडला.

“रेणू, नीट ऐक. हे सात जण आहेत. आपण घरभर आहोत. त्यांचं काय चालणार आहे? थोडा वेळ बोलतील, रडतील, मग घाटावर येतील. तू फक्त गप्प राहा. तुला काही म्हणायची गरज नाही.”

“हं.”

“आणि दुसरं. उद्या तू गेलास की तुला कुठं नेतील? घाटावरच ना? मग ती तिकडं मातीत आणि तू इकडं पाण्यात. चालेल का तुला? मी तुझ्यासाठी भांडून राहिलो, माझ्यासाठी नाही.”

दादा खोटं बोलत नव्हते. डोळे लाल झाले होते त्यांचे. महानंदा त्यांना रोज दुपारी ताक नेऊन द्यायची.

रेणुकादास नळाकडे बघत राहिला. डोक्यात वाक्य तयार झालं होतं: वुई आउटनंबर देम. आपण त्यांच्यापेक्षा जास्त आहोत. साधं वाक्य, सातवीतल्या पोरालाही जमेल असं. आणि या वाक्यात महानंदा कुठं धरायची ते त्याला कळेना. आपल्यात धरली तर आपण आणखी एकानं जास्त. त्यांच्यात धरली तर ते आठ, तरी कमीच. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हाही हॉलमध्ये आजच्याइतकीच माणसं होती. तिच्या बाजूनं ती एकटी. लग्न उदगीरला रजिस्टर झालेलं, तिला इथं पोचवायला माहेरचं कुणी आलं नव्हतं. पुढे कधी सणाला संगप्पा यायचा, बाहेरच्या खुर्चीत बसून पाणी पिऊन जायचा. अक्षरा झाली तेव्हा कुठं ती दोन झाली.

आणि आपण? नवरा म्हणून आपण कोणत्या बाजूला मोजले जात होतो, हे तिनं कधी विचारलं नाही. ती फक्त पहाटे उठायची. चहाचं आधण ठेवायच्या आधी, स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटून, ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. डाव्या तळहातावर ते काळं, गुळगुळीत लिंग, उजव्या हातानं त्यावर भस्म. ओठ हलायचे. मग चांदीच्या डबीत ठेवून ती डबी डाळीच्या डब्यामागे. सासूचं मन राखायला गळ्यातलं काढलं होतं, हातावरचं काढलं नव्हतं. रविवारी तो घरी असायचा तेव्हा अंथरुणातून त्याला दाराच्या फटीतून दिसायचं. चहा थोडा उशिरा मिळायचा, एवढाच त्याला त्याचा अर्थ माहीत होता.

त्यानं नळ बंद केला.

“दादा, ती रोज करायची.”

“काय?”

“पूजा. मी बघायचो.”

“हे फक्त मला सांगितलंस तर चालेल,” दादा हळूच म्हणाले. “बाहेर सांगू नको.”

रेणुकादास स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर सकाळची कोथिंबीर तशीच पडली होती. डाळीचा डबा सरकवला, डबी काढली आणि हॉलमध्ये येऊन ती सगळ्यांसमोर उघडली.

“तिनं सोडलं नव्हतं,” तो म्हणाला. “रोज हातावर घ्यायची. मी नवरा आहे, मी सांगतोय.”

मागं एक चुलता पुटपुटला, “मग इतकी वर्षं लपवून कशाला?” त्याला उत्तर द्यायला रेणुकादास थांबला नाही. डबी त्यानं आत नेऊन पार्वतम्माच्या हातात दिली. म्हातारीनं ती कपाळाला लावली.

संगप्पा डोळे पुसत म्हणाला, “चला मग. जीप लावतो. दिवस मावळायच्या आत उदगीरला पोचू.”

“उदगीरला नाही,” रेणुकादास म्हणाला.

“आँ?”

“इथं. नांदेडात तुमच्या समाजाची जागा आहे ना, तिथं.”

“दाजी, इथं तिचं कोण हाय? तिथं बाप हाय तिचा.”

“इथं मी आहे. अक्षरा आहे. मला रविवारी जाता येईल असं ठेवा. उदगीरला मी पाहुणा म्हणून येणार आणि पाहुणा म्हणून परत जाणार.”

संगप्पाला ते पटेना. तो त्याच्या माणसांकडे बघू लागला, माणसं स्वामींकडे, स्वामी पार्वतम्माकडे. दारात उभे असलेले दादा म्हणाले, “बघ, ज्यांच्यासाठी बोललास त्यांनाही नको आहेस तू.” बोलले आणि लगेच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण जिना चढून ते वर निघून गेले.

पार्वतम्मानं लेकीच्या कपाळावर भस्माचे पट्टे ओढले. हात थांबवला नाही आणि वरही बघितलं नाही. “संगू, इथंच बघ,” ती म्हणाली. “पोर सकाळपासून तिला धरून बसली. ज्यानं धरलं त्याच्याजवळ ठेवायची. उदगीरला नेऊन मी काय तिला रोज बघनार हाय? माझेच गुडघे चालंनात.”

मग सगळं भराभर झालं. नांदेडच्या समाजातल्या माणसांना फोन गेले. त्या जागेचं बघणारे व्यंकटराव स्कूटरवर आले, सगळं ठरवून गेले. मखर आलं, झेंडूची फुलं आली. निघताना रेणुकादासच्या गोतातले अर्धे लोक घरी गेले होते. कुणाला बस होती, कुणाला बीपीची गोळी घ्यायची होती. उरलेल्यांतले काही फाटकापर्यंत आले. आत गेल्यावर मात्र नांदेडातले अनोळखी लिंगायत खूप जमलेले दिसले. महानंदाचं नावही न ऐकलेली माणसं, फोन आला म्हणून दुकानं अर्धी बंद करून आलेली. त्या संध्याकाळी त्या आवारात रेणुकादासच्या बाजूचे दोघंच होते, तो आणि अक्षरा. नाही, तिघं. दादा शेवटी आले. आत आले नाहीत, फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले.

खड्ड्यात तिला बसवलं. स्वामींनी डाव्या तळहातावर लिंग ठेवलं, बोटं मिटवली. अक्षरानं बेलाची पानं टाकली. मग भस्म, मग माती. रेणुकादासनं तीन मुठी माती टाकली आणि बाजूला झाला. आग नाही, धूर नाही, डोळे चुरचुरत नाहीत, रडायला काही निमित्तच मिळालं नाही. तो सारखा या पायावरून त्या पायावर होत राहिला.

पुढे तो लातूरला गेला. मुलांनी खूप सांभाळून घेतलं. तो शिकवतो. पण एका जागी उभं राहून शिकवणं जमत नाही, बाकांमधून फिरत राहतो. मनस्विनी एकदा म्हणाली, “सर, तुमच्याकडं बघून मान दुखून राहिली.” त्यानं सॉरी म्हटलं आणि फिरतच राहिला.

शनिवारी रात्री नांदेड, रविवारी सकाळी ती जागा. तिथं गेलं की डोक्यातली वाक्यं थांबतील असं त्याला वाटलं होतं. थांबत नाहीत. जिवंतांपेक्षा इथं बसलेले जास्त, हे वाक्य पहिल्याच रविवारी झालं. फक्त तिथं त्याची घाई होत नाही, एवढाच फरक.

महानंदाच्या डाव्या बाजूला एक जागा रिकामी आहे. एका रविवारी त्यानं व्यंकटरावांना विचारलं.

“जागा हाय की,” व्यंकटराव म्हणाले. “पर ती समाजाच्या माणसासाठी हाय, सर. तुम्ही दीक्षा घेतली, गळ्यात लिंग घातलं, तर कमिटीत विषय घेता येईल. नाही तर अवघड हाय. अन् ठेवून ठेवून मी ती किती दिवस ठेवू? पावसाळ्यात लई माणसं जातेत.”

संगप्पाला फोनवर सांगितलं तर तो पहिल्यांदा मोकळा हसला. “दाजी, घ्या की मग दीक्षा! सव्वीस वर्षं बाहेरच्या खुर्चीत मी बसलो, आता तुम्ही आमच्या आतल्या खोलीत बसा.” मग म्हणाला, “पर तुमच्या दादाला आधी सांगा. न्हाई तर ते म्हणतील उदगीरवाल्यांनी पळवलं.”

अक्षराला त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला पण मीच धरून बसायचं का?” आणि मग, “बसेन. पण काकांशी तुम्ही बोला, मी नाही बोलणार.”

दर रविवारी दुपारी दादा खाली येतात. आता ताक गोदावरीवहिनी करतात, दादा स्वतःच दोन पेले घेऊन येतात. दोघं भाऊ समोरासमोर बसतात. दादा पाऊसपाणी विचारतात, लातूरच्या खोलीचं विचारतात. घाटाचं नाव काढत नाहीत. पेले रिकामे झाले की उचलून वर जातात.

दादांना सांगायचं राहिलं आहे. व्यंकटरावांना हो किंवा नाही कळवायचं राहिलं आहे.